बैलबाजारातली तुलना

मास्तरांच्या परीक्षेसाठी घरून लिहून द्यायच्या ‘शहर आणि खेडे’ या तुलनात्मक निबंधात मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा नापास झालो असतो, तर माझी मास्तरकीच जाणार होती. त्या आठवड्यात नेवाशाच्या बैलबाजारात एक दलाल पाहिला. गिऱ्हाईकाला दोन बैलांतला एकच हवा होता. दलालाने दोन्ही बैल एका जुवाला जुंपून चालवले, मग बाजू बदलून पुन्हा चालवले. तोंडाने एक शब्द नाही.

न राहवून मी विचारले, “दोघांत सारखं काय?”

“चार पाय हायेत, मास्तर. त्ये सांगाया दलाल कशाला? मोटंला ह्यो बरा, गाडीला त्यो. आदी काम सांगा.”

घरी येऊन मी निबंधातली सुभाषिते खोडली आणि आजारी माणसाला शहर बरे की खेडे, एवढेच लिहिले. पास झालो. परीक्षकांचा शेरा होता : भाषा रुक्ष, पण पटते.