जीप विकली ते वर्ष

सतरा वर्षं माझ्याकडे एक उघडी जीप होती. मी धुळ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही, एकटी राहते. नोकरीत कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली त्याच महिन्यात एका म्हाताऱ्या ठेकेदाराकडून मी ती घेतली. हिरवा रंग, वर ताडपत्रीचं हूड, बाजूला दारं नाहीत, मागे समोरासमोर दोन बाकं. ठेकेदाराने चावी माझ्या हातात न देता आधी विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, "मीच." त्याने मला मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग चावी दिली.

सोयीची ती कधीच नव्हती. पावसात बाही भिजायची, उन्हाळ्यात गिअरचा दांडा हाताला चटके द्यायचा. पण रविवारी सकाळी हूड उतरवून लळिंगच्या बाजूला निघालं की आठवडाभराच्या तासिका, पेपर, प्राचार्यांच्या मीटिंगा सगळं मागे पडायचं. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना घेऊन मी तोरणमाळचा घाट चढले, पालच्या जंगलात गेले. आमचं घर सावद्याजवळ, केळीवाल्यांच्या गावात. तिथे आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं. दर दोन महिन्यांनी मी जीपने घरी जायची. फैजपूर जवळ आलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात आणि हवेतला फरक लगेच गालाला कळतो. गावात मला पोरं 'जीपवाली आत्या' म्हणायची. खरं सांगायचं तर मलाही तेच नाव आवडायचं. नुसत्या मॅडम खूप होत्या.

मग जीप म्हातारी झाली. आधी हँडब्रेक गेला, मग पत्रा आतून गंजला. डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरायची आणि गाडी चढावर बंद पडायची. ती हवा कशी काढायची ते मी शिकून घेतलं होतं. पाना, पक्कड, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सीटखाली असायच्याच. पासिंग संपत आलं तेव्हा मी माझ्या नेहमीच्या मिस्तरींकडे गेले. साठीचा माणूस, अर्धं आयुष्य त्याने डिझेलच्या गाड्यांत घातलेलं. तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हात पुसत म्हणाला, "ताई, इंजिन चांगलं शे. पन बाकीनं बठ्ठं थकेल शे." इंजिन सोडून बाकी सगळं थकलंय, असं त्याचं म्हणणं.

"पासिंग होईल ना?"

"व्हई जाई. मी करी दिसू. पन तुम्ही आते हाई गाडी लांब नका नेऊ."

मी मान डोलावली आणि मे महिन्याच्या सुट्टीत तीच गाडी घेऊन सावद्याला गेले.

आईला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. दोन वर्षांपासून तिचं हृदय नीट काम करत नव्हतं. पाय सुजायचे, चालताना दम लागायचा, गोळ्या चालू होत्या. मी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवापुढून उठली आणि पलंगावर बसून राहिली. पाठ टेकली की श्वास घेता येईना. भाऊ शेतात होता. केळीची कटाई चालू होती, ट्रक उभा होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मी गाडी पाहतो कोनाची, थांब." मी म्हटलं, "थांबायला कशाला पाहिजे? माझी गाडी दारात उभी आहे." आईला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली, डोक्यावर ओला पंचा टाकला आणि आम्ही जळगावला निघालो. अकरा वाजले असतील.

फैजपूर मागे टाकल्यावर काही वेळाने बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. असे पाइप मी याआधी दोनदा बांधले होते. आईला कडुनिंबाखाली बसवलं, सीटखालची ट्यूबची पट्टी काढली आणि कामाला लागले. पाइप तापलेला, हात पोळत होते. पट्टी गुंडाळली, तार आवळली, बाटलीतलं पाणी ओतलं. सुरू केली, पाणी दुसरीकडून गळायला लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बांधलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक जण थांबलाही. "काही मदत पाहिजे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको, होईल आता."

ते वाक्य मी कितीतरी वेळा आठवलं आहे. माझ्यापासून दहा पावलांवर माझी आई तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती, आणि मला गाडी माझ्या हाताने चालू करून दाखवायची होती. कोणाला दाखवायची होती, ते मला अजून सांगता येत नाही.

अर्धा तास गेला असेल. मी वळून बघितलं तर आईचे ओठ निळसर दिसत होते. तेव्हा मी धावत रस्त्याच्या मध्ये गेले आणि दोन्ही हात वर केले. केळीचे रिकामे क्रेट भरलेला एक टेम्पो थांबला. चालकाने काही विचारलं नाही. आईला आम्ही दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवलं, आणि तो हॉर्नवरचा हात न काढता तापीचा पूल ओलांडून भुसावळच्या एका दवाखान्यापर्यंत गेला. तिथे ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेने जळगावला पाठवलं. जीप रस्त्यावर बॉनेट उघडं टाकून तशीच राहिली. तिची आठवण मला संध्याकाळी झाली.

आई चार दिवस अतिदक्षता विभागात होती. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. "फुप्फुसात पाणी झालं होतं. अर्धा तास आधी आणलं असतं तर एवढा त्रास झाला नसता," एवढंच ते म्हणाले, सहज. त्यांना मध्ये काय झालं ते माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

भावाला मात्र टेम्पोवाल्याकडून रस्त्यात गाडी बंद पडल्याचं कळलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात तो मला म्हणाला, "तुले गाडीच पाहिजे ना, मंग धड गाडी घे. नाही तर यष्टीनं येत जा. आईले त्या गाडीत मी आता बसू देनार नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, "विकते. या महिन्यातच विकते."

आई घरी आली, मी धुळ्याला परतले आणि जीप विकली नाही.

का नाही, याची कारणं मी रोज नवी काढायची. जीप रस्त्यावरून ओढून नेऊन फैजपूरला नवा पाइप टाकून घेतला होता, धुळ्यात मिस्तरींनी रेडिएटरही साफ केला होता. पाइप कुठल्याही गाडीचा फाटू शकतो, असं मी स्वतःला सांगायची. एका शोरूममध्ये जाऊन एक पांढरी, बंद, शहाण्यासारखी गाडी चालवून आले. तिच्यात काहीच चुकीचं नव्हतं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हिला काही बघावं लागत नाही. बसायचं आणि जायचं." घरी आले तर इमारतीखाली जीप उभी होती. दोन गाड्या ठेवायला जागा नाही. मी वरून खिडकीतून तिच्याकडे बघत राहिले आणि मला भीती वाटली. पन्नाशीला आलेली, एकटी राहणारी एक मास्तरीण, पांढऱ्या गाडीतली. अशी कितीतरी माणसं या शहरात आहेत. त्यांच्यात मला ओळखणार कोण, असं वाटायचं. आईच्या जिवासमोर हा विचार किती क्षुद्र होता हे कळत होतं, तरी तो जात नव्हता.

भावाने फोनवर विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. "बुक केली आहे. डिलिव्हरीला वेळ लागतोय."

जुलैत आईची तपासणी होती. तारीख मला पाठ होती. आदल्या दिवशी फोन केला आणि म्हटलं, "मी सकाळी येते, आपण जळगावला जाऊ." फोन वहिनीने घेतला होता. ती म्हणाली, "अहो, तारीख अलीकडे घेऊन कालच जाऊन आलो आम्ही. भाड्याची गाडी केली होती. आईच म्हटल्या, तुम्हाला कशाला त्रास."

मला त्रास म्हणजे काय, ते मला बरोबर समजलं. माझी गाडी दारात येण्याआधी तिने जाऊन घेतलं होतं.

पुढच्या रविवारी मी एसटीने सावद्याला गेले. आई ओट्यावर धान्य निवडत बसली होती. बरी दिसत होती. मी तिच्याजवळ बसले, सुपातले खडे काढायला लागले आणि सरळ विचारलं, "आई, तुला माझ्या जीपची भीती वाटते का?"

तिने हात थांबवला नाही. "वाटते," ती म्हणाली.

"त्या दिवसापासून?"

"नाही बाई. पयल्या दिवसापासून. त्याले दारं कुठी हायेत? मी डोये मिटून बसत जाय. सावदा येये तव्हाच उघडू."

सतरा वर्षांत ती कितीदा बसली असेल त्या गाडीत. मुक्ताईनगरला, माहेरच्या लग्नांना, मावशीच्या दहाव्याला. मी वेग वाढवायची आणि तिला म्हणायची, बघ कशी हवा लागते. ती हसायची. तिचे डोळे मिटलेले असायचे ते मी हवेमुळे समजायची.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू राजी दिसे," ती म्हणाली. "तुह्या बाकीच्या गोष्टीत मले काही करता आलं नाही. म्हटलं, बसू."

मला रडू आलं नाही. राग आला, तिचाही आला. एवढी वर्षं एक शब्द बोलायला काय झालं होतं, असं मी म्हणालेही. ती सूप घेऊन आत गेली. वहिनीने चहा आणला, तो घेऊन मी निघाले. परतताना बसमध्ये मला जाणवलं की माझा विचार करून झाला आहे. मन हलकं मात्र झालं नव्हतं.

जीप पाचोऱ्याच्या एका शेतकऱ्याने घेतली. तो शेतावर नेण्यासाठी घेत होता. मी त्याला सगळे दोष एकेक करून सांगितले, हवा कशी काढायची ते दाखवलं, पाइपाचा प्रसंगही सांगितला. तो माझ्याकडे जरा संशयाने बघत होता. विकणारं माणूस एवढं वाईट सांगत नाही. तो गेल्यावर खाली तेलाचा डाग राहिला होता, तो मी सोडा टाकून घासला. पुरता गेला नाही.

शोरूममधली ती पांढरी गाडी शेवटी घेतली. तिच्यात मी आईला पहिल्यांदा बसवलं ते ऑक्टोबरमध्ये, तपासणीसाठी. तिने दार ओढून लावलं, दोनदा तपासलं आणि पट्टा लावून घेतला. काचा बंद होत्या. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी गाडीत कधी नीट बोललोच नव्हतो हे मला फैजपूर गेल्यावर लक्षात आलं. आधी इंजिनच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, आणि मला त्याची सोयच होती. आता आई माझ्या शेजारी, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

भुसावळच्या अलीकडे तिने विचारलं, "तुले तिकडे एकटं वाटते का?"

हा प्रश्न तिने कधीच विचारला नव्हता. लग्नाचं विचारलं होतं, नोकरीचं, जेवणाचं. मला नेहमीप्रमाणे 'छे, कामातून वेळच कुठे मिळतो' असं म्हणता आलं असतं.

"वाटतं," मी म्हटलं. "सुट्टीच्या दिवशी जास्त."

मला वाटलं, आता ती पुन्हा लग्नाचं काढेल किंवा डोळ्याला पदर लावेल.

"मले बी वाटते," ती म्हणाली. "घर भरेल हाये. तरी वाटते."

पुढे रेल्वेचं फाटक लागलं होतं, ट्रकांची रांग होती. मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि आम्ही दोघी आगगाडी जायची वाट बघत बसलो. जळगावच्या डॉक्टरांच्या वेळेला अजून दीड तास होता. तिने पिशवीतून गोळीचं पाकीट काढलं आणि माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली.