पाठ झालेला तक्ता

आईचं पाठांतर आमच्या नात्यागोत्यात गाजलेलं. स्तोत्रं तर सोडाच, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांचे जुने फोन नंबरसुद्धा तिला अजून येतात.

तिला मधुमेह होऊन पंधरा वर्षं झाली. डोळे दाखवलेस का विचारलं की म्हणायची, "दाखवले की. नंबर तोच आहे." आम्ही फरीदाबादला राहायला आलो तरी चष्म्यासाठी ती एकटी मेट्रोने सरोजिनी नगरच्या त्याच जुन्या दुकानात जायची. नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, अशी माझीही समजूत. शिकून काय दिवे लावले होते मी!

शुगरच्या डॉक्टरांनी दटावलं तेव्हा कुठे तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे तक्ता वाचायला सांगितला. आईने शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हटला. तपासणारी मुलगी गोंधळली. "आंटीजी, ये अक्षर तो इस चार्ट में हैं ही नहीं."

आईने दुकानातला तक्ता म्हटला होता. मला आधी हसू आलं, मग मी तिला विचारलं, "लपवलंस का?"

"कमी दिसतंय म्हटलं असतं तर तू मला एकटीला मेट्रोने जाऊ दिलं नसतंस," ती म्हणाली. खरंच नसतं दिलं. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माया.

थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून डॉक्टरांनी आतला पडदा पाहिला. रक्ताचे ठिपके होते. "चश्मे का नंबर अलग, परदा अलग. शुगर है तो हर साल दिखाइए, साफ दिखता हो तब भी." डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. गेलेली नजर सगळी परत आली नाही, पण उरलेली टिकली.

पुढच्या तपासणीला आईने डॉक्टरांना सांगून टाकलं, "इसको भी दो साल से शुगर है."

"मला छान दिसतं गं," मी म्हटलं.

तिने माझी पर्स आपल्या मांडीवर घेतली आणि शेजारची खुर्ची दाखवली. मी बसले. नशिबाने माझा पडदा ठीक निघाला.

परतताना थेंबांमुळे दोघींनाही अंधुक दिसत होतं. मेट्रोत मला एक पाटी वाचता येईना. आईने माझा हात धरला आणि एकेक स्टेशन क्रमाने म्हणत मला घरी आणलं.