घाणेरी, टाकळा आणि परबकाकांची घोडी

आमच्या ऑफिसात रिपोर्ट कधी वेळेवर पूर्ण होत नाही, किस्सा मात्र रोज एक तयार असतो. डबे उघडायच्या आधीच कुणीतरी "आज काय झालं ऐक" म्हणतं आणि पोळ्या वातड होतात. काम तसं साधं आहे. गोरेगाव पूर्वेला एक मोकळं मैदान आहे, तिथे लग्नाच्या वरातीतल्या घोड्या चरतात. त्या सारख्या आजारी पडतात. मैदानावरचं तण त्याला कारण आहे का, ते आम्ही शोधतो. मी घोड्यांची डॉक्टर, स्नेहा वनस्पतींवाली आणि डोक्यावर साहेब. घोडीला बोलता येत नाही म्हणून त्रास होईल, अशी माझी समजूत होती. त्रास दिला तो बोलता येणाऱ्यांनी!

*

मैदानाच्या भिंतीला लागून एक उंच सोसायटी आहे. तिथली मंडळी भिंतीवरून घोड्यांना खायला टाकतात. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी एक घोडी पोट धरल्यासारखी लोळत होती. मी घामाघूम होऊन तिला औषध पाजलं आणि मग भिंतीपाशी बघते तर साबुदाण्याची खिचडी. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक काकू उभ्या होत्या.

"काकू, ही तुम्ही टाकलीत?"

"हो. पण त्यात काही नव्हतं गं. उपासाचीच होती."

आम्ही तिथे बोर्ड लावला, घोड्यांना काही खायला घालू नये. सकाळी बोर्डाखाली केळी ठेवलेली होती.

*

घाणेरी सगळ्यांनी पाहिलेली असते, लाल-पिवळ्या फुलांचे झुबके येतात ती. गवत संपलं की भुकेली घोडी तिचा पाला खाते आणि तिचं लिव्हर बिघडतं. आम्ही ती कापायला घेतली तर सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले.

"मॅडम, ही झुडपं काढू नका. लोकांनी व्ह्यू बघून फ्लॅट घेतलेत."

"सर, विषारी आहे ती."

"आमच्याकडे कोणी खात नाही."

तरी कापली. संध्याकाळी तेच गृहस्थ पुन्हा हजर. म्हटलं, आता तक्रार करणार. तर म्हणाले, "टाकूनच देणार असाल तर चार फांद्या द्या ना. गच्चीत कुंड्या रिकाम्या आहेत."

स्नेहा त्या दिवशी डबा न खाताच घरी गेली.

*

त्या स्नेहाचंही सांगते. पावसाळ्यात टाकळा उगवला. तो घोड्यांना बाधतो असा तिला संशय होता, म्हणून तिने त्याचे चौकोन आखून भोवती लाल फिती बांधल्या. कुठली घोडी तोंड लावते, ते बघायचं होतं. सोमवारी येऊन पाहते तर फिती जागेवर आणि आतले शेंडे गायब. ती आनंदाने ओरडत आली, घोड्यांनी खाल्लं म्हणून. तेवढ्यात पलीकडच्या चाळीतल्या एक मावशी पिशवी घेऊन आल्या.

"पोरी, बरं केलंस फिती बांधल्यास. कोवळा कुठला ते शोधायला लागलं नाही. कांदा-खोबरं घालून झकास झाली भाजी."

स्नेहा म्हणाली, "यार, यांच्यावरच संशोधन करू या."

*

जवळच्या स्टुडिओतून एक जण आला होता. आजारी घोडी गुंगीचं इंजेक्शन देऊन आडवी केली होती, मी तिच्या तोंडात हात घालून दात बघत होते. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

"मॅडम, ही अशी किती वेळ राहील?"

"का?"

"युद्धाचा सीन आहे. आमचा घोडा मरतच नाही नीट."

*

आता परबकाकांची राणी. काका मूळचे मालवणकडचे. एकच घोडी, पांढरीशुभ्र, नाक गुलाबी. तिच्यावरच त्यांचं घर चालतं. घाणेरी पोटात गेली की पांढऱ्या घोडीच्या कातडीला ऊन सोसत नाही. राणीचं नाक सोलवटून निघालं होतं. मी सांगितलं, सावलीत बांधा, वराती बंद. काकांनी मान डोलावली आणि खरंच ऐकलं.

मग मला दुसऱ्या कॅम्पला जावं लागलं. राणीचे फोटो स्नेहा काढून पाठवायची. प्रत्येक फोटोत नाक आधीपेक्षा छान. साहेब खूश. मी फोनवरूनच सांगितलं, सोडा उन्हात. परत येऊन ओल्या कापसाने नाक पुसलं, तर कापसाला पावडर लागली आणि तिला लॅव्हेंडरचा वास. खाली जखम पार ओठापर्यंत गेली होती.

माझा संताप झाला. स्नेहा म्हणाली, "मला झाडातलं कळतं गं, घोडीतलं नाही." मी काकांवर ओरडले. "पावडर कशाला लावलीत?"

"फोटो काढूचो म्हटल्यावर पोरीक तशीच उभी करू?" काका मलाच विचारायला लागले. "जन्मात कधी तिचो फोटो सजवल्याशिवाय काढूक नाय."

"अहो, मग जखम आहे हे सांगायचं तरी!"

"तूच म्हणालंस, बरी झाली. तुमका डॉक्टर लोकांका आतला दिसता, असां वाटला माका."

पाहायला हवं होतं मीच. राणी पुन्हा सावलीत गेली. मी रोज जाऊन मलम लावत होते. लग्नाचा सीझन निघून गेला, काका एकदाही कुरकुरले नाहीत. फक्त फोटोच्या वेळी पाठ करून उभे राहायचे.

अखेर खपली गळून खाली नवी कातडी दिसली. मी शेवटचा फोटो काढला, साहेबांना दाखवला, त्यांनीही ठीक म्हटलं. काका अजून भिंतीकडे तोंड करूनच उभे.

"काका, झालं. बरी झाली राणी."

"नक्की? आतसून पण?"

"आतूनसुद्धा."

काका वळले. खिशातून कंगवा आणि पावडरचा डबा काढला.

"मग आता एक चांगलो काढ."