गुंडण्णाचा परतीचा आवाज

गुंडण्णाला प्रत्येक आवाज दोनदा ऐकायला हवा असायचा. आता ही काय आवड झाली? लोकांचे कान एकदाच ऐकून किटतात. पण हा माणूस मुळातच जरा अधांतरी. लहानपणी किल्ल्याच्या दगडी वेशीतून जाताना बाकीची पोरं पुढे पळायची, आणि हा कमानीखाली थांबून "ओ" द्यायचा. वेस त्याला "ओ" द्यायची. घरचे शोधत मागे यायचे तेव्हा हा भिंतीला कान लावून उभा असायचा, चेहऱ्यावर असं सुख की रागवायलाही जीव होऊ नये.

घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळूरला आलेलं. फौज गेली, घोडी गेली, उरली मराठी, आणि तिच्यातही निम्मी कन्नड कालवलेली. वडील रघुपती, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, सरकारी कचेरीत कारकून होते. पण कारकून म्हणून त्यांना ओळखतं कोण? गावातल्या मराठी लग्नांत मंगलाष्टकं म्हणायची ती अप्पांनीच. माइक नव्हते त्या काळात मांडवाबाहेर चपला राखत बसलेल्या माणसालाही त्यांचं अक्षरन् अक्षर कळायचं. मुलीचे बाप आधी अप्पांना विचारायचे, मग भटजींना.

आणि अशा बापाच्या पोटी गुंडण्णा! आवाज म्हणाल तर फुटकं मडकं. एकदा लहान असताना त्याने हौसेने अप्पांबरोबर सूर लावला आणि समोरची बाई हसताना अक्षता सांडून बसली. घरी आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "तू माझ्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहत जा. तोंड मात्र मिटून." तो राहिला उभा. वर्षानुवर्षं राहिला. अप्पांची पाठ, खांद्यावरचं उपरणं, आणि "शुभमंगल" म्हणण्याआधी ते खांदे स्वल्प वर उचलून घ्यायचे तो श्वास, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं की झोपेतही त्याचे खांदे तसे उचलले जायचे. गाता येत नाही याचं दुःख त्याने कुणाला सांगितलं नाही. पण ते होतं, आणि चांगलं खोलवर होतं.

मोठा झाल्यावर त्याने शिवाजीनगरात, बस थांब्यामागच्या गल्लीत, माइक आणि भोंगे भाड्याने द्यायचं दुकान काढलं. लग्न, मुंज, गणपती, कुठेही गुंडण्णाचाच सेट. तबकड्या लावायच्या, भोंगा झाडाला बांधायचा, आणि मग एका कोपऱ्यात डोळे मिटून बसायचं. लोकांना वाटायचं, अण्णा झोपला. झोपतोय कुठला! तो लांबच्या घरांवर आपटून परत येणारं गाणं ऐकत असायचा.

असं सगळं बरं चाललं असताना अप्पांचा आवाज गेला. गेला म्हणजे एका हिवाळ्यात ताप आला, खोकला आला, ताप गेला पण खोकल्याने जाताना निम्मा आवाज बरोबर नेला. उरला तो सुरेल होता, पण सुती धाग्यासारखा बारीक. एका लग्नात कडवं अर्ध्यावर सुटलं आणि भीमाचार्य भटजींनी ते सांभाळून घेतलं. अप्पा घरी आले, उपरणं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "झालं आपलं. आता वसूच्या लग्नातही भीमाचार्यच म्हणतील."

वसू, म्हणजे वसुमती, गुंडण्णाची एकुलती लेक. तिचं लग्न ठरलं होतं पुण्याकडच्या उपेंद्रशी. तो इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. नातीसाठी अप्पांनी स्वतः मंगलाष्टकं रचून ठेवली होती, तिचं लाडाचं नाव गुंफून. ती आता दुसरं कुणी म्हणणार, आणि म्हातारा समोर खुर्चीत बसून ऐकणार? हे गुंडण्णाला पटेना. अप्पांना माइक दिला असता तर आवाज मोठा झाला असता, एवढंच. बारीक तो बारीकच राहिला असता, वर धाप चव्हाट्यावर आली असती. लग्न वैशाखात होतं. म्हाताऱ्याने वैशाखात तोंड उघडलं नाही, तर ते पुन्हा कधीच उघडणार नाही, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

त्याच सुमारास कँटोन्मेंटमधला एक अँग्लो-इंडियन गृहस्थ घरदार आवरून ऑस्ट्रेलियाला निघाला आणि त्याचा भला थोरला टेपरेकॉर्डर गुंडण्णाने आणला. दारात ते धूड बघून त्याची बायको अनुसूया कपाळाला हात लावून म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! अहो, लग्न तोंडावर आलंय!" गुंडण्णा काय ऐकतोय! त्याने त्या यंत्राच्या पोटात हात घातला होता. एका हेडने टेपवर आवाज उतरायचा, बोटभर पुढे गेल्यावर दुसरं हेड तोच वाचून दाखवायचं. तो वाचलेला आवाज भोंग्यात सोडला की बोलणाऱ्याच्या मागोमाग त्याचीच हाक यायची, मग आणखी एक, धूसर, आणि मग विरून जायची. किती सोडायचं ते एका बटणावर. त्याच्या खिशातच वेस आली म्हणा ना.

पहिल्या दुपारी त्याने माइक दुकानाच्या दारात ठेवला आणि कानाला हेडफोन लावून बसला. गल्ली आत येऊ लागली. टांग्याच्या टापा गेल्या, आणि त्यांच्यामागून पुन्हा त्याच टापा, जरा लांबून. संपिगेची, म्हणजे सोनचाफ्याची, फुलं विकणारीची हाक गेली आणि वळून परत आली. सायकलची घंटा, कंडक्टरची शिट्टी, कुणाचं तरी हसू, सगळं आपल्याच सावलीबरोबर चाललेलं. गुंडण्णाला वाटलं, गेलेला क्षण म्हणजे काही पुरता गेलेला नसतो. तो कोपऱ्यावर उभा असतो, कुणी हाक मारली तर येतो. ऊन उतरलं, गिऱ्हाईक येऊन परत गेलं, शेजारच्या हॉटेलातून आलेली कॉफी निवून तिच्यावर साय धरली. त्याला पत्ता नव्हता.

मग एके दिवशी अप्पांना दुकानात आणून बसवलं. "स्वल्प म्हणा, अप्पा. हळूच. नुसतं गुणगुणा." अप्पांनी कुरकुरत एक ओळ म्हटली. गुंडण्णाने बटण पिळलं. बारीक धागा गेला आणि परत येताना दुहेरी होऊन आला. दोन धाग्यांना पीळ पडला, आणि ओळ संपली तरी खोली भरलेलीच राहिली. अप्पांनी मान वळवून मागे बघितलं, कुणी आलंय का म्हणून. मग दुसरी ओळ म्हटली. मग तिसरी. धाप लागली की ते थांबायचे आणि ती फट परतीचा आवाज भरून काढायचा. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "सरी, ठीक आहे. म्हणतो मी."

रोज दुपारी तालीम व्हायची. फक्त एक शब्द तालमीत कधी आला नाही. अप्पांचा नेम होता, वधूवर समोर उभे असल्याशिवाय "सावधान" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यामुळे प्रत्येक कडवं "शुभमंगल"पाशी येऊन थांबायचं आणि ते पाणी प्यायचे. आणि त्या शब्दाची त्यांच्यात रीत काय होती? दर कडव्याला "सावधान" एकदा, तेव्हा चिमूटभर अक्षता. शेवटच्या कडव्याला तीनदा, ते मुहूर्तावर. तेव्हा अंतरपाट खाली, ओंजळभर अक्षता आणि वाजंत्र्यांचा गजर. वाजंत्री कन्नड, त्यांना मराठी ओ की ठो कळत नसे. त्यांना एवढंच सांगितलेलं असे की तीनदा ऐकलं की वाजवा. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. गुंडण्णाच्या आलं नाही. त्याचं लक्ष ढगात.

लग्नाची सकाळ. छत्र, म्हणजे तिकडचं लग्नाचं कार्यालय, माणसांनी भरलेलं, मोगऱ्याचा आणि तुपाचा वास, उंच खिडक्यांतून तिरपं ऊन. अंतरपाटाच्या एका बाजूला वसू, दुसऱ्या बाजूला उपेंद्र. अप्पांनी माइकसमोर उभं राहून पहिलं कडवं धरलं आणि सगळं छत्र एकदम निवलं. पुण्याहून आलेली मंडळी वर छताकडे बघू लागली. तो आवाज कुठून येतोय तेच कळेना. जणू कुणी दुरून गात गात जवळ येतंय आणि पोचतच नाही. गुंडण्णाने डोळे मिटले. अप्पांनी शेवटचे शब्द उचलले, "शुभमंगल सावधान!"

"सावधान," भोंगा म्हणाला. "सावधान," पुन्हा म्हणाला.

तीनदा! झालं की! धाडकन ढोल वाजला, सनया किंचाळल्या, ओंजळींनी अक्षता उडाल्या, आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो सोडून दिला. वसू आणि उपेंद्र मुहूर्ताच्या कितीतरी आधी एकमेकांसमोर उभे, आणि दोघांना हसू आवरेना. भीमाचार्य ओरडले, "अय्यो! थांबवा! धरा तो पाट! मुहूर्त लांब आहे अजून!" वाजंत्री गांगरून थांबले. वराचा काका म्हणाला, "अहो, ते मशीन आधी बंद करा बघू!"

गुंडण्णाचा हात बटणावर होता. पूर्ण बंद केलं तर अप्पांचा उघडा आवाज सगळ्या मांडवापुढे फाटणार. चालू ठेवलं तर लेकीच्या लग्नाचा तमाशा. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, माइकपासून मागे सरले आणि हळूच म्हणाले, "भीमाचार्य, पुढचं तुम्ही म्हणा. माझं झालं."

जन्मात बापाला उलट न बोललेला माणूस सेट सोडून उठला. "अप्पा, तुम्हीच म्हणा. 'सावधान'च्या आधी मी आवाज झाकतो. नंतर पुन्हा उघडतो."

"तुला कधी झाकायचं ते कसं कळणार?"

"मी तुमच्या मागेच उभा असायचो ना, अप्पा," गुंडण्णा म्हणाला, आणि त्याचाच आवाज फुटला.

अप्पा माइकपाशी आले. अंतरपाट पुन्हा धरला गेला, वाजंत्र्यांना भीमाचार्यांनी हाताने दटावलं. दुसरं कडवं सुरू झालं. आता गुंडण्णाचे डोळे सताड उघडे होते, अप्पांच्या पाठीवर. ओळ लांबली की तो बटण उघडायचा, आणि परतीचा आवाज म्हाताऱ्याला हाताला धरून पुढच्या ओळीपर्यंत न्यायचा. खांदे उचलले की बंद. "सावधान" एकदाच पडायचं, कोरडं, स्वच्छ. चिमूटभर अक्षता उडायच्या. पुन्हा उघड, पुन्हा झाक. कडव्यामागून कडवं गेलं. वसूचं नाव आलं तेव्हा त्याने ते जरा जास्तच फिरू दिलं, आणि ते खिडक्यांतल्या उन्हात बराच वेळ तरंगत राहिलं. गुंडण्णाचे ओठ हलत होते. आपण कुठे आहोत, किती माणसं बघताहेत, यातलं त्याला काही उरलं नव्हतं. फक्त एक श्वास होता आणि त्यावर दोघे चालले होते.

शेवटचं कडवं आलं. भीमाचार्यांनी घड्याळ बघून मान हलवली. अप्पांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, धोतराची कड थरथरत होती. "शुभमंगल सावधान!" एकदा. आणि ते थांबले. दम संपला होता. तोंड उघडं, आवाज नाही. त्यांनी मान वळवून लेकाकडे बघितलं.

गुंडण्णाने टेप बोटभर मागे ओढली आणि बटण उघडलं.

"सावधान," परतीचा आवाज आला, भरून, अप्पांचाच. "सावधान," आणखी एकदा आला, लांबून. अंतरपाट खाली आला, ढोल वाजले, अक्षतांनी माणसं झाकून गेली. या वेळी घटिका बरोबर होती. अनुसूया पदर तोंडाला लावून रडत होती.

जेवणाच्या पंक्ती उठत होत्या तेव्हा गुंडण्णा एकटाच वायर गुंडाळत बसला होता. अप्पा काठी टेकत आले आणि त्याच्या शेजारी भोंग्याच्या पेटीवर बसले. बराच वेळ विडा चघळत राहिले. मग म्हणाले, "तुझं दुसरं सावधान चांगलं लागलं. तिसरं स्वल्प दबलं. पुढच्या लग्नात मोकळं म्हण."

"सरी, अप्पा," गुंडण्णा म्हणाला. त्याला पुढचं वेटोळं दिसेना, म्हणून तो वायर हातात धरून तसाच बसून राहिला.