सुलेखाचा पाट

पुंडलिकनगरच्या मुक्ताबाई महापौर झाल्या, त्याची गंमत गल्ली अजून सांगते. खुर्ची भली मोठी, बाई ठेंगणी; पाय लोंबकळायला लागले. शेजारची सुलेखा कौतुकानं बघायला गेली होती. दुसऱ्या दिवशी ती घरचा सागवानी पाट घेऊन गेली अन् मैत्रिणीच्या पायाखाली सरकवला. "टेक आता. शहराचा कारभार लोंबकळत करायचा नसतो."

मुक्ताबाई करमाडची लेक, नवरा मोतीराम वाळूजच्या कंपनीत. बाई महापौर, हे तेव्हा नवलच. लोक फाईल मोतीरामला दाखवायचे. तो म्हणायचा, "मला ड्युटीला जायचंय. साहेब आत बसल्यात."

त्या उन्हाळ्यात नळ आठवडा-आठवडा कोरडे. जो तो टँकर आपल्या गल्लीत ओढायचा. मुक्ताबाईंनी हुकूम काढला: टँकर नंबरानं, अन् महापौराची गल्ली शेवटी. शहरानं वाखाणलं. नेमकं तेव्हाच सुलेखाच्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न.

"एक टँकर, मुक्ते. हळदीला पाणी मागतेय, राज्य नाय."

"तुला दिलं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं नाय म्हणू?"

मांडवात वरमाईनं टोमणा हाणलाच, "महापौराच्या शेजारी सोयरीक केली, अन् तोंड धुवायला पाणी नाय."

त्या दिवसापासून सुलेखानं बोलणं टाकलं. पुढच्या निवडणुकीत मुक्ताबाई पडल्या. पाडलं ते त्यांच्याच गल्लीनं. त्याचं त्यांना लई वाटलं नाय. सुलेखाचं दार मात्र त्यांना बघून मिटायचं, ते सलायचं. पाट परत द्यायला त्या एकदा गेल्या. दार उघडलंच नाय.

परवा सुलेखा गेली. नळाची पाळी लांब, घरातले ड्रम तळाला. शेवटच्या आंघोळीला पाणी नव्हतं. डोक्यावर कळशी अन् बगलेत पाट घेऊन मुक्ताबाई उंबऱ्याशी थांबल्या. दारात अपेक्षा.

"मावशी, आपल्या गल्लीचा नंबर लागला व्हय?"

"नाय बाई. माझ्या घरातलं हाय."

अपेक्षा उंबरा ओलांडून पुढं आली. मग तिनं कळशी उतरवून घेतली.

बायांनी सुलेखाला तिच्याच पाटावर बसवलं, मागून आधार दिला. मुक्ताबाईंनी तांब्यानं पाणी घातलं. लेकराला न्हाऊ घालताना फिरवतात तसा कानामागून हात फिरवला. सुलेखाचा एक पाय वाकडा पडला होता. त्यांनी खाली बसून तो नीट जमिनीला टेकवला.

कळशी संपली, तरी रिकामा तांब्या घेऊन त्या तिथंच उभ्या होत्या.