वाळलेली कड

रामटेके काका रक्त काढून झाल्यावर पेशंटला लगेच सोडत नसत. रायपूरच्या बूढापाऱ्यात तळ्याजवळच्या गल्लीत एक छोटी लॅब होती, तिथे ते तंत्रज्ञ होते. ज्याच्या हाती वेळ असेल त्या पेशंटला ते बाकावर बसवून ठेवत आणि तासाभराने त्याचीच नळी खिडकीच्या उजेडात त्याच्यासमोर धरत. "हे पाहा, हे तुमचं. वर पिवळं पाणी, मधात सायीवानी बारीक रेघ, खाली लाल. रक्त लाल, रक्त लाल म्हणता ना? अर्ध्याहून जास्त तं पिवळंच हाय." सदर बाजारातला एक धिप्पाड सराफ स्वतःचं पिवळं पाणी पाहून बाकावरून खाली घसरला होता म्हणे. काकांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. ज्याची वस्तू त्याने एकदा तरी पाहावी, एवढाच त्यांचा हेतू असे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती आमच्या ऑफिसात. राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि मला एका नव्या खात्यात कारकुनाची नोकरी लागली होती. भोपाळहून फायलींचे गठ्ठे ट्रकने येऊन पडले होते. बसायला खुर्च्या पुऱ्या नव्हत्या, पण ओळखपत्रं मात्र आधी पाहिजेत असा साहेबांचा हुकूम सुटला. ओळखपत्रावर रक्तगटाचा रकाना होता आणि आमच्यातल्या बहुतेकांना आपला रक्तगट माहीत नव्हता. म्हणून ऐन मे महिन्यात एका दिवसाचं शिबिर ठेवलं आणि काका आपली पेटी घेऊन आले. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, पांढरा कोट इतका कडक इस्त्रीचा की बसताना आवाज यावा.

मराठी बोलणारं कुणी भेटलं की आमच्या पुरानी बस्तीत लगेच गाव विचारतात. मी विचारलं. ते भंडाऱ्याचे, माझे वडील अकोल्याहून रेल्वेत आलेले. "बस मंग, घरचीच निघाली तू. दे बोट." सुई टोचून त्यांनी पांढऱ्या फरशीवर माझ्या रक्ताचे तीन थेंब मांडले. प्रत्येकात वेगळ्या बाटलीतलं औषध टाकलं आणि काडीने कालवलं. पहिल्या थेंबात गुठळ्या झाल्या तर ए, दुसऱ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी आणि कशातच नाही तर ओ. तिसऱ्या थेंबात पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते कळतं. मी बी.ए. झालेली बाई. मी म्हटलं, "म्हणजे ओवाल्यांकडे काहीच नसतं? मग ते सगळ्यांना रक्त कसे देतात?" काका म्हणाले, "काही नसते म्हनूनच देऊ शकतात, बापा." मला त्या दिवशी ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही डोक्यात घोळ होतो.

काकांनी आल्या आल्या खोलीतला पंखा बंद करायला लावला होता. आम्ही शिजून निघत होतो. अर्ध्या तासाने मीच उठले आणि पंखा लावला. काकांनी एकदा वर पाहिलं, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात साहेबांचा शिपाई आला की जेवणाच्या सुटीपर्यंत सगळे गट पाहिजेत, कार्डं आजच लॅमिनेशनला जाणार. काका पुन्हा फरशीवर वाकले. माझ्या कार्डावर बी पॉझिटिव्ह आलं. परीक्षेत पास झाल्यासारखी मी ते घरी दाखवलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि वर्षभरात तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. दवाखान्यातल्यांनी माझं ओळखपत्र पाहून कागदावर पॉझिटिव्ह लिहिलं. त्या दिवसांत मला रक्तगटाचं सुचणार तरी कसं! मग पुन्हा दिवस राहिले. या वेळी वेगळ्या बाई डॉक्टर होत्या, त्यांनी सगळ्या तपासण्या नव्याने करायला लावल्या. पाचव्या महिन्यात रिपोर्ट समोर ठेवून त्या म्हणाल्या, "आपका कार्ड पॉझिटिव बोलता है, रिपोर्ट निगेटिव। मैं किसकी मानूँ?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला तीनदा विचारावं लागलं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्ताचे कण आईत मिसळल्यावर आईचं शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध हत्यारं बनवून ठेवतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पुढच्याला ती हत्यारं लागतात. ते टाळायला गर्भ पडल्यावर एक इंजेक्शन द्यायचं असतं. मला ते दिलं नव्हतं, कारण कार्डावर पॉझिटिव्ह लिहिलं होतं. म्हणजे आता पोटात होतं त्याच्याविरुद्ध माझंच रक्त तयार होऊन बसलं असेल का? माझा नवरा प्रमोद, रायपुरातच वाढलेला, मराठी समजतं पण बोलतो हिंदी. तो बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "एक आदमी का खून दो तरह का कैसे हो सकता है?"

आम्ही थेट बूढापाऱ्यात गेलो. मी भांडायच्या तयारीने गेले होते. दोन्ही कागद मी काकांच्या टेबलावर आपटले. काकांनी ते शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता म्हणतील की दवाखान्याची लॅब चुकली. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पंखा चालू होता ना?"

ए आणि बी चटकन दिसतात, ते सांगू लागले. तिसऱ्या थेंबाला दोन मिनिटं लागतात. मे महिन्यात, पंख्याखाली, दोन मिनिटांत थेंबाची कड वाळते. वाळलेली कड गुठळ्यांसारखीच दिसते. "तीस वर्षं झाली हे काम करून राहिलो. नव्या पोट्ट्यायले पहिल्या दिवशी हेच शिकवतो का पंखा बंद ठेवजा."

मला रडू आलं. मी म्हटलं, "काका, पंखा मीच लावला होता."

"पंखा कोनी लावला ते मी नाही विचारत. लावल्यावर मी वाचलं काहून? तेवढं सांग." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बस. हात दे."

या वेळी त्यांनी दोन नळ्या भरल्या. एकीत रक्त गोठू नये म्हणून औषध होतं, ती गटासाठी. दुसरी कोरी होती, त्यातलं रक्त गोठू द्यायचं होतं. गोठलं की गुठळी आवळते आणि वर स्वच्छ पिवळं पाणी सुटतं, ती हत्यारं असलीच तर त्या पाण्यात सापडतात. म्हणजे माझ्या बाळाचं काय होणार हे कळायला आधी माझं रक्त गोठायला हवं होतं. काकांनी ती नळी स्टँडमध्ये ठेवली नाही. हातात धरून बसले. "आता सायीतल्या बारीक चकत्या, प्लेटलेट म्हनतात त्या, एकमेकीले चिकटून राहिल्या असतील," ते म्हणाले. "मंग धागे सुटतील, धाग्याचं जाळं होईन, लाल कण त्यात अडकतील. घाई करता येत नाही. हलवलं का बिघडते." मी विचारलं, "काका, काय निघेल?" ते म्हणाले, "मले माहीत नाही." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे तीन शब्द मी बरेचदा ऐकले. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले आणि मला त्यांचा रागच आला. अनुभवी माणसाने धीर द्यायचा असतो ना!

तोवर त्यांनी पहिल्या नळीचं काम केलं. फरशीवर निगेटिव्ह. नळीत निगेटिव्ह. मग ते रक्त अंगाइतक्या गरम पाण्यात ठेवलं, तीनदा धुतलं, आणखी एक औषध घातलं, फिरवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. बराच वेळ पाहत राहिले. मग प्रमोदला बोलावून दाखवलं, मला दाखवलं. बारीक बारीक पुंजके होते. काका म्हणाले, "हाय. पण कमजोर हाय. साध्या टेस्टीत दिसतच नाही."

"म्हणजे मी पॉझिटिव्ह?"

"रक्त देशीन तेव्हा पॉझिटिव्ह. घेशीन तेव्हा निगेटिव्ह."

प्रमोदने कपाळाला हात लावला. मी वेड्यासारखी हसले. काका हसले नाहीत. ते दुसऱ्या नळीकडे वळले, गुठळीवरचं पिवळं पाणी त्यांनी थेंब थेंब काढून घेतलं आणि त्याची परीक्षा लावली. त्यात तासभर गेला. शेवटी त्यांनी नळी उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा धरली. "काही नाही," ते म्हणाले. "साफ हाय. तरी दर महिन्याले येजो. मी पाहीन." मी टेबलावर डोकं टेकून रडले. काकांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतः तो प्यायले.

इथे गोष्ट मिटायला हवी होती. बाई डॉक्टरांनी खबरदारी म्हणून पुढे इंजेक्शन दिलं, मुलगी झाली, धडधाकट, बी पॉझिटिव्ह. काकांनी तिच्या नाळेतल्या रक्ताची नळीसुद्धा स्वतः तपासली. आणि माझं रक्तच असं अर्धवट निघाल्यामुळे काकांचं कार्ड चूक होतं असंही कुणाला म्हणता आलं नसतं. कदाचित त्यांच्या सरावलेल्या नजरेला त्या दिवशी त्या कमजोर गुठळ्या खरंच दिसल्या असतील. कदाचित नुसती कड वाळली असेल. कुणाला कळणार होतं?

पण माझी तपासणी झाली त्याच आठवड्यात काका आमच्या साहेबांपुढे उभे राहिले होते. शिबिरातल्या सगळ्यांचे गट पुन्हा पाहायचे आहेत, म्हणाले. साहेबांनी पेन बंद केलं. "कार्ड लॅमिनेट हो चुके हैं, रामटेकेजी।" लॅबचे मालक तर चिडलेच. गल्लीत बोभाटा झाला तर पेशंट कोण पाठवेल, असं म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं. मग रोज काम संपल्यावर थर्मासात बर्फ आणि बाटल्या घालून, ती पांढरी फरशी पिशवीत घेऊन ते एकेकाच्या घरी जाऊ लागले. दारात उभे राहून सांगत, "त्या दिवशी माझी वाचण्यात चूक झाली असेल. बोट द्या." काहींनी चहा दिला. काहींनी दारातूनच परत पाठवलं, तिथे ते दुसऱ्यांदा गेले. लवकरच ऑफिसात त्यांचं नाव 'गलत रिपोर्टवाले' पडलं आणि बूढापाऱ्यातल्या बायका रक्त द्यायला दुसऱ्या लॅबकडे वळल्या.

मला कळेना. मुलगी झाल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, तुमची चूक नव्हतीच कदाचित. कशाला स्वतःची बदनामी करून घेता?"

"तुह्या नावापुढं पॉझिटिव्ह लिहिलं तेव्हा मले गुठळ्या दिसल्या का कड दिसली, हे मले आठवत नाही," ते म्हणाले. "तुह्यं आठवत नाही, म्हंजे बाकीच्यायचंही आठवत नाही. मंग मी बसून कसा राहू?"

दोघांचे गट चुकीचे निघाले. एक ड्रायव्हर आणि एक टायपिस्ट मुलगी, जिचं लग्न महिन्याभरावर आलं होतं. दोघंही निगेटिव्ह, अगदी साधे, स्वच्छ निगेटिव्ह, कमजोर बिमजोर काही नाही. तिथे काकांना कुठलीही पळवाट नव्हती. त्यांनी नवी कार्डं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आणि टायपिस्ट मुलीला आणि तिच्या आईला समोर बसवून ते इंजेक्शनचं सगळं समजावलं. त्या दिवशीही त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसलं नाही. मला वाटलं होतं, दिसेल.

नंतर बरीच वर्षं गेली. काका निवृत्त झाले, लोक ते विसरले. मी मात्र दर काही महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. माझी मुलगी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी, तिला समोर बसवून ते ए, बी, ओ शिकवत. तिला पहिल्या खेपेत समजलं. मी तेव्हाही गोंधळलेलीच होते.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. विहाराच्या हॉलमध्ये शोकसभा होती. त्रिशरण झालं, मग माणसं उठून बोलू लागली. लॅबचे जुने मालक आता थकलेत, काठी टेकत आले होते. ते म्हणाले, "चालीस साल में रामटेकेजी के हाथ से एक भी रिपोर्ट गलत नहीं गई।" सगळ्यांनी माना हलवल्या. पुढच्या वक्त्याने तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रेमाने बोलत होते.

मेलेल्या माणसाची चूक त्याच्या शोकसभेत काढायची? काकू समोर पांढऱ्या साडीत बसलेल्या. पण ते ज्याच्याबद्दल बोलत होते तो कुणी दुसराच होता. दारोदार थर्मास घेऊन उभा राहिलेला माणूस त्या कौतुकात कुठेच नव्हता. मी उठले तेव्हा काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. तोंडातून निघालं, "काकांच्या हातून चूक झाली होती. दोन तर नक्की. तिसरी माझी, ती झाली की नाही ते मला माहीत नाही." हॉलमध्ये कुजबुज झाली. मालकांनी मान फिरवली. मी घाबरले आणि खाली बसू लागले.

काकूंनी मान वर केली. "बसू नको, सुनीता," त्या म्हणाल्या. "त्या दोघायची नावं नको घेऊ. पण चूक पुरी सांग."

मी पुरी सांगितली.