रक्ताच्या फ्रिजची शाई

सोमवार, सकाळचे दहा. इंदुरातल्या एका खासगी हॉस्पिटलची रक्तपेढी. फ्रिजमध्ये रक्ताच्या पिशव्या, फ्रिजच्या माथ्यावर एक गोल कागद आणि कागदावर टेकलेलं बोटाच्या पेराएवढं पेन. कागद आठवड्यात एक फेरा पुरा करतो आणि पेन आतलं तापमान रेघेनं लिहीत जातं. रेघ दोन आणि सहा अंशांच्या मध्ये राहिली तर रक्त चांगलं. बाहेर गेली तर पिशवी फेकायची.

तिथला टेक्निशियन गायकवाड मूळचा महूचा, छत्रीबागेत माझा शेजारी. मी पत्रकार. बातमीला पुरावे गोळा करावे लागतात, किस्से मात्र आपोआप साठतात. या एका पेनाचेच माझ्याकडे इतके साठलेत! पूर्वी ऐकून हसायचो. आता तारखेसह वहीत लिहून ठेवतो.

तर त्या सोमवारी गायकवाडने आठवड्याचा कागद काढला. कोरा! पेन वाळलं होतं. सात दिवसांत एक रेघ नाही.

"अरे, मग फ्रिज थंड होता का?" मी विचारलं.

"होता ना, भिया. रोज हात लावून बघत होतो!"

* * *

नवं पेन मागायला गायकवाड स्टोअरच्या तिवारीजींकडे गेला. कंपनीचं पेन महाग, शिवाय बाहेरून मागवावं लागतं. तिवारीजींनी ते वाळलेलं पेन चिमटीत धरून बघितलं.

"इतना सा पेन और इतना दाम! गायकवाडजी, इसमें स्याही भर दो. बात खतम."

"कोणती स्याही?"

"अरे, जो सस्ती मिले!"

या हॉस्पिटलच्या लॉबीत संगमरवरी कारंजं आहे. त्यातलं पाणी एक दिवस आटलं नाही. शाई मात्र आटली!

* * *

आधी शाळेची निळी शाई आणली. गायकवाडने ती इन्सुलिनच्या सुईने पेनात भरली. सोमवारी, मंगळवारी रेघ झकास. बुधवारी दुपारी शाई टोकाशी सुकली आणि रेघ थांबली.

मी म्हटलं, "म्हणजे बुधवारनंतरचं रक्त कसं आहे ते कुणालाच माहीत नाही?"

"पेशंटला कळेलच ना," गायकवाड म्हणाला. मग स्वतःच दचकला आणि पाणी प्यायला उठला.

* * *

मग स्टॅम्प पॅडची जांभळी शाई. ती सुकत नाही, पण पसरते. आठवड्याने कागदावर करंगळीएवढा जाड पट्टा! दोनपासून सहापर्यंत सगळं जांभळं.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "रेंजमध्येच आहे की. छान."

बाहेर आल्यावर गायकवाड हळूच म्हणाला, "भिया, अब तो ये फ्रिज बिगडूच शकत नाही!"

मी हसलो. तो हसला नाही.

* * *

शेवटी मीच त्याला राजवाड्यामागच्या एका जुन्या शाईवाल्याकडे नेलं. म्हातारा दुकानदार शाईत ग्लिसरीन थेंबाथेंबाने मिसळत होता. पेनात सुकू नये, कागदावर पसरू नये, असा हिशेब.

"इससे लिखना क्या है?" त्याने विचारलं.

"बस इतना, की खून ठंडा था," गायकवाड म्हणाला.

म्हातारा ढवळता ढवळता थांबला. "और किसी दिन नहीं था, तो?"

गायकवाडने बाटली खिशात घातली. छत्रीबाग येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून त्याने तो खिसा हाताने दाबून धरला होता.

* * *

ती शाई उत्तम चालली. बारीक, स्वच्छ रेघ. पण वाळायला वेळ घेई. तिवारीजींनी काढलेले कागद एकावर एक फाइल केले आणि एका आठवड्याची ओली रेघ दुसऱ्या आठवड्यावर उमटली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका तोच कागद उचलला. "इसमें दो लाइन कैसे?"

तिवारीजी पापणी न लववता म्हणाले, "सर, दो सेन्सर हैं!"

साहेबांनी मान डोलावली आणि सही केली. सेन्सर एकच आहे. त्यांनी फ्रिज उघडूनसुद्धा पाहिला नाही.

* * *

आता गेल्या आठवड्याचं. गुरुवारी सकाळी साडेअकराला पेनाचं टोक तुंबलं. गायकवाडने पेनच काढून कापसात गुंडाळलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं, कारण त्याच्या एप्रनचा खिसा फाटला होता. आम्ही शाईवाल्याकडे गेलो. टोक साफ करून शाई नव्याने भरून परतलो तेव्हा साडेतीन झाले होते.

रक्तपेढीच्या दारात गार्ड म्हणाला, "लाइट एक बजे से गई थी. अभी आई है."

गायकवाड धावला. या फ्रिजला जनरेटर जोडलेला नाही. काचेवर आतून पाणी सुटलं होतं. त्याने पेन बसवलं तेव्हा रेघ सातच्या वर उमटायला लागली. हळूहळू खाली आली.

तो मॅडमकडे गेला. "मॅडम, पिशव्या बाजूला काढू?"

"किती वर गेलं होतं?"

"पेनच नव्हतं, मॅडम. बसवलं तेव्हा सातच्या वर होतं."

"एवढ्यावरून बिघडलं म्हणायचं? चार्ट सोमवारी उतरेल तेव्हा बघू."

शनिवारी त्यातल्या दोन पिशव्या वर वॉर्डात गेल्या.

गायकवाडची एक सवय आहे. तिथे सगळ्यांचीच आहे. सोमवारी नवा कागद चढवतानाच तो खाली सही करून ठेवतो; उतरवताना ओली शाई हाताला लागते म्हणून. सही असते, "तपासले" या शब्दाखाली.

या सोमवारी कागद उतरवताना मी तिथेच होतो. गायकवाडने तो उजेडात धरला. मग गुरुवारच्या रेघेवर बोट ठेवलं.

"भिया, साईन माझी आहे. पण ही रेघ मी नाही ओढली."

मी मॅडमना, तिवारीजींना आणि हॉस्पिटलच्या संचालकांना लेखी विचारलं आहे. तिघांकडून एक ओळ आलेली नाही.

गुरुवारी साडेअकरा ते साडेतीन पेन माझ्या खिशात होतं. कागदावर साडेअकरा ते साडेतीन रेघ आहे. अखंड, बारीक, बरोबर चार अंशांवर. आणि साडेतीनला सातच्या वर उमटलेली रेघ कुठेच नाही.